चार वाजताचा जबाब

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मी, खाली सही करणारा, गावात 'काचवाले' या नावाने परिचित, वय वर्षे त्र्याहत्तर पूर्ण, धंदा काच कापणे व बसविणे, शिक्षण इयत्ता चौथी (पहिला क्रमांक), नजर चष्म्यासह उत्तम, ओळखीची खूण उजव्या अंगठ्यावर तिरपा व्रण, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून देतो की, परवा तू माझा फोन मध्येच ठेवलास. त्या दिवसातील तो माझा सहावा फोन होता, हे मला मान्य आहे. परंतु सख्ख्या मोठ्या भावास "यापुढे फोन नको, जे काय असेल ते कागदावर उतरव, मी कोर्टाच्या दारात बसून तीस वर्षं लोकांचे जबाब टाइप केले तसं" असे सुनावण्याची आपल्या घरात रीत नव्हती. तरीही लिहीत आहे. मला लिहिता येते.

प्रकरण असे. सहा वर्षांपासून दुकान माझी मुलगी पाहते. काच तीच कापते, बसवितेही तीच. माझे काम एवढेच की, तिचे काम संपल्यावर मी गिऱ्हाइकाकडे एक चक्कर टाकतो आणि सर्व ठीक आहे ना, ते पाहून येतो. हे तिला कळले आहे, हे मला ठाऊक नव्हते. गेल्या शनिवारी ठाऊक झाले. मी जेवत असताना ती समोर येऊन उभी राहिली.

"बाबा, दाताच्या डॉक्टरीणबाई विचारत होत्या, तुमचे वडील मागून तपासायला येतात, म्हणजे तुमच्या कामात काही खोट असते का? असं विचारणारं हे चौथं गिऱ्हाईक."

मी म्हणालो, "तपासल्याने कोणाचे काय बिघडते?"

ती म्हणाली, "पलीकडच्या शहरातल्या काच कारखान्यानं मला मुख्य कारागिराची जागा देऊ केलीय. अठ्ठावीस तारखेपर्यंत उत्तर हवंय त्यांना. तुम्ही माझ्या मागून आणखी एकदा जरी कुठे गेलात, तरी माझं उत्तर 'हो'. आम्ही दोघं नवराबायको वरचं बिऱ्हाड हलवू."

"आणि दुकान?"

"तुमचं तुम्हाला. मग स्वतः काच बसवा, आणि स्वतःच्याच मागून तपासायला जा."

तुझी वहिनी हे ऐकून हसली. मला त्यात हसण्यासारखे काही आढळले नाही.

आता तूच विचार कर. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बसायच्या खोलीत मुलीने माशांची तीन फुटी टाकी केली आहे. त्या टाकीचा जोड जर सुटला, तर पाणी विजेच्या बटणापर्यंत जाईल. जर गेले, आणि त्याच वेळी जर कोणी म्हातारे माणूस तेथे बसलेले असले, तर? याच महिन्यात वाचनालयाच्या मोठ्या दालनाला अकरा तावदाने बसवायची आहेत, प्रत्येक पुरुषभर उंचीचे. त्यातील एखाद्याची पकड जर ढिली राहिली, आणि जर जोराचा वारा सुटला, आणि त्याच खिडकीला टेकून जर कोणी वर्तमानपत्र वाचत असले, तर? नाव कोणाचे जाईल? पाटीवर नाव माझे आहे.

मी लांबूनच पाहतो. हात लावीत नाही. तरी तू तुझ्या भाचीला चार शब्द समजुतीचे सांगावेस.

तुझा दादा


७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार.

अरे दादा, काय जबाब लिहिलास! वकिलाने वाचला असता तर त्याने खुर्ची सोडून तुला दिली असती.

तुझं पत्र मी लाल पेन्सिल घेऊन वाचलं. सगळे 'जर' खोडले. चार पानांमधून साडेतीन ओळी उरल्या. मुलगी दुकान बघते, ती चिडली, वहिनी हसली, अठ्ठावीस तारीख. बाकीचं कुणी पाहिलंय? वारा सुटलेला पाहिलास? तो वर्तमानपत्रवाला कोण, त्याला चष्मा होता का, कुठल्या पानावर होता?

माझ्याकडे लोक जबाब लिहून घ्यायला यायचे ना, तेही असंच सुरू करायचे. "बाई, मला तेव्हाच वाटलं होतं..." मी टाइप करता करता थांबायचे. म्हणायचे, वाटलेलं नको. पाहिलेलं सांगा. कुठे, किती वाजता, आणखी कोण होतं? अर्धी माणसं तिथंच गप्प व्हायची. गप्प झाल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा, हे मात्र मी स्वतः पाहिलंय.

तर आता ऐक. रोज चार वाजता, चहा झाल्यावर, पंधरा मिनिटं. कागद घे आणि त्या दिवसाच्या सगळ्या काळज्या जबाबासारख्या लिही. काय पाहिलं, कुठे, साक्षीला कोण. साक्षीदार नसेल तर ती ओळ खोडायची. सव्वाचारला कागद घडी करून ड्रॉवरमध्ये. मधल्या वेळात काळजी आली तर तिला सांगायचं, बाई, कचेरी चार वाजता उघडते, तेव्हा ये. हाकलायचं नाही. हाकललेलं माणूस दारातच बसून राहतं.

आणि कुठे जाऊ नकोस. पाय शिवशिवले तर वहिनीचे डबे घास.

भाचीला मी एक शब्दही सांगणार नाही. तिचं म्हणणं मला पटलंय.

तुझी धाकटी

ता. क. तू लांबूनच पाहतोस, हात लावत नाहीस, हे वाक्य मी खोडलं नाही. पण त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केलंय. त्र्याहत्तर वर्षांत तू कुठली वस्तू हात न लावता पाहिलीयस?


१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझी रीत मला पोरकट वाटली. तरीही ती आठ दिवस पाळली, कारण अर्धवट करून सोडणे माझ्या स्वभावात नाही. रोज चार ते सव्वाचार. पहिल्या दिवशी दोन पाने भरली आणि दोन्ही खोडावी लागली. दुसऱ्या दिवशी दीड. सकाळी दाढी करताना काळजी आली, तेव्हा मी तिला मोठ्याने "चार वाजता" असे बजावले. तुझ्या वहिनीने स्वयंपाकघरातून विचारले, "चारला काय? कोण येणारेय?" मी खुलासा केला नाही.

परंतु आता तू लाल पेन्सिल बाजूला ठेव, कारण माझी शंका खरी ठरली आहे.

काल दुपारी दवाखान्यातील माशांची टाकी फुटली. खालच्या डाव्या कोपऱ्यातून जोड उघडला आणि खोलीभर पाणी झाले. इजा कोणास झाली नाही. सात मासे होते, ते डॉक्टरीणबाईंनी गुळण्यांच्या सात पेल्यांत घातले. त्यामुळे संध्याकाळपर्यंत दात दाखवायला आलेल्या कोणालाही गुळण्या करता आल्या नाहीत, असे समजते. मुलगी धावत गेली, पाणी पुसून दिले, टाकी उचलून दुकानात आणली आणि दुसरी बनवायला घेतली. माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. जेवतानाही नाही.

मी तिला एवढेच म्हणालो, "तपासणी उगाच नसते, हे आता पटले असेल." ती ताटावरून उठली. आज सकाळी तिच्या टेबलावर कारखान्याचे पाकीट उघडे दिसले आणि शेजारी कोरा कागद.

माझा हेतू तिला दुखविण्याचा नव्हता. ती गेली तर या घराच्या वरच्या मजल्यावर आणि दुकानात मी काय पाहू? परंतु सत्य ते सत्य. तिने येथेच राहावे, माझ्या देखरेखीखाली काम करावे, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतील, असे तू तिला कळवावेस. वाचनालयाची तावदाने एकोणीस तारखेला बसतील. ती मी तपासणारच.

तुझा दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. हे पत्र कुरियरनं पाठवतेय, कारण एकोणीसच्या आधी तुला मिळायला हवं.

टाकी फुटली हे कुणी पाहिलं? डॉक्टरीणबाईंनी. ठीक. कोपऱ्यातून फुटली, हे कुणी पाहिलं? त्यांनीच. ठीक. का फुटली, हे कुणी पाहिलं?

कुणीही नाही! आणि तू मात्र लेकीला ताटावरून उठवलंस. तीस वर्षांत अशा जबाबावर मी साधा शिक्काही मारू दिला नसता.

मी भाचीला फोन केला. रडत नव्हती. मला वाटलं होतं रडत असेल, बघ, माझाही तर्क चुकला. मी विचारलं, टाकीला काय झालं गं? तर म्हणाली, "आत्या, ते बाबांना विचार." एवढंच. मी म्हटलं, कारखान्याला काय कळवतेयस? म्हणाली, "अजून अकरा दिवस आहेत."

टाकी तुमच्या दुकानातच आहे ना? ऊठ. चष्मा लाव. तो कोपरा स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि जे दिसेल तेवढंच लिहून पाठव. 'मला वाटते' लिहिलंस तर पत्र परत येईल, माझ्या पैशाने.

धाकटी


१८ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद.

लिहून देतो की,

आज सकाळी साडेदहा वाजता मी दुकानाच्या मागील खोलीत गेलो. फुटलेली टाकी भिंतीशी उभी होती. काच कोठेही तडकलेली नाही. कापणी सरळ आहे, कडा घासलेल्या आहेत, कोन काटकोनात आहेत. मी गुण्या लावून पाहिले. तीन कोपऱ्यांत काच जोडण्यासाठी भरलेले सिलिकॉन एकसारखे, अखंड व घट्ट आहे.

चौथ्या, म्हणजे खालच्या डाव्या कोपऱ्यात, ते दबलेले व काचेपासून सुटलेले आहे. दबलेल्या जागी अंगठ्याचा ठसा आहे. ठशावर एक तिरपी रेघ आहे. मी माझा उजवा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. तो बसला.

तुला या धंद्याची माहिती नाही, म्हणून सांगतो. सिलिकॉन वरून तासाभरात सुकल्यासारखे दिसते. आतून ते कित्येक दिवस ओले असते. त्या काळात त्याला कोणीही हात लावायचा नसतो. हे मी स्वतः मुलीला शिकविले, ती अकरा वर्षांची असताना. टाकी जोडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो होतो. जोड घट्ट आहे की नाही, याची खात्री व्हावी म्हणून मी तो दाबून पाहिला. पहिल्या पत्रात मी हात लावीत नाही असे लिहिले, ते खोटे होते. तुझे प्रश्नचिन्ह योग्य जागी होते.

म्हणजे टाकी मी फोडली. तपासून फोडली.

मुलगी बाहेर आरशाला पट्टी मारीत होती. मी तिला विचारले, "तुला कधी कळले?"

"पाणी पुसतानाच."

"मग बोलली का नाहीस?"

तिने हातोडी खाली ठेवली. "बोलले असते तर काय केलं असतंत? उद्यापासून तो अंगठा तपासत बसला असता. ह्याआधी कुठे कुठे लावला, काय काय दाबलं, वीस वर्षांची यादी काढून गावभर फिरला असता. मला तेही नको होतं बाबा."

धाकटी, यात खोडण्यासारखे काहीही नाही. कारण तिने हे सांगेपर्यंत मनात ती यादी सुरू झालेली होती, आणि मी सातव्या घरापर्यंत पोहोचलो होतो.

मी तिची क्षमा मागितली. उभा राहून मागितली. ती म्हणाली, "बरं." कारखान्याविषयी तिने काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही. विचारण्याचा अधिकार मला सध्या नाही.

मग मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो व टाकी कोणामुळे फुटली ते बसलेल्या सर्व पेशंटांच्या देखत सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, एवढ्यासाठी आलात? दात दाखवून जा आता." दोन दात किडले आहेत.

उद्या वाचनालयाची तावदाने बसत आहेत. त्यांना पक्के व्हायला आठ दिवस लागतात. एकोणीस ते सत्तावीस, मी त्या रस्त्यावर पाऊल टाकणार नाही. हे मी तुला वचन म्हणून लिहीत नाही. तसा निश्चय झाला आहे, एवढे कळवितो.

तुझा दादा


२० फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लाल पेन्सिल हातात होती. वापरायला जागाच सापडली नाही.

आता एक माझंही ऐक. मी लोकांना एवढं शिकवत बसायचे आणि रोज घरी निघताना निम्म्या वाटेवरून परत जायचे, टाइपरायटरच्या पेटीला कुलूप लावलं का बघायला. कधी कधी दोनदा. चहावाला ओरडायचा, "बाई, लावलंय कुलूप, मी शपथ घेतो!" तरी जायचेच. एक दिवस ठरवलं, आज परत फिरायचं नाही. घरापर्यंत छाती धडधडत होती. दुसऱ्या दिवशी जरा कमी. पंधरा दिवसांनी एकदा घरी पोचून भाजी चिरताना लक्षात आलं, अरे, आज पेटीची आठवणच झाली नाही. आणि हो, मधे एकदा खरंच कुलूप लावायचं राहिलं होतं. कुणी काही नेलं नाही. नेलं असतं तर पोलिसांत गेले असते, काय!

तेव्हा छाती धडधडली तर धडधडू दे. ती काही पुरावा नाही. पहिले तीन दिवस वाईट जातील. वाईट गेले म्हणजे काहीतरी चुकतंय असं समजू नकोस.

आणि ती जुन्या घरांची यादी चार वाजताच्या कागदावरसुद्धा नको. त्या घरांत लोक राहताहेत. काही बिघडलं तर येतील ना दुकानात, पत्ता पाटीवर आहे.

दात काढून घे. हे पत्रही कुरियरनंच पाठवतेय.

तुझी धाकटी


२८ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आठ दिवसांचा वृत्तांत खालीलप्रमाणे.

एकोणीस तारखेस मुलगी सकाळी आठला तावदाने घेऊन गेली. मी दुकानात बसून छोटे आरसे कापले. काच कापताना अन्य विचार करता येत नाही. कापणीचा हिरा एकदाच, एका दमात ओढावा लागतो. हात उचलल्यावर मात्र विचार लगेच हजर. दुपारपर्यंत मी गरजेपेक्षा नऊ आरसे अधिक कापले. चार वाजता दीड पान लिहिले, दीड पान खोडले.

वीस तारखेस वारा सुटला. खरोखरच सुटला, वहिनी साक्षीला आहे, तिचे दोन टॉवेल शेजारी गेले. मी दोन वेळा चपला घातल्या व दोन वेळा काढल्या. वहिनी म्हणाली, "अहो, चपलेचा तळ नाही, अंगठा झिजेल अशानं." तो दिवस फार वाईट गेला.

एकवीस तारखेस मी भाजी आणण्यासाठी निघालो आणि वाचनालयाच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा असल्याचे माझ्या लक्षात आले. भाजी दुसऱ्या दिशेला मिळते. तेथून आणखी वीस पावलांवर खिडक्या दिसल्या असत्या. छाती धडधडत होती. ती पुरावा नाही, हे मी तेथे उभा राहून मनाशी म्हणालो. विशेष उपयोग झाला नाही. तरीही वळलो. धडधडत्या छातीनेच वळलो, आणि मंडईपर्यंत ती तशीच होती. वांगी घ्यायची होती, पडवळ आणले.

बावीसला एक पान. तेविसाव्या तारखेस दात काढला. त्या दिवशी अन्य कशाचीही काळजी करण्यास सवड नव्हती. चोवीसला सहा ओळी. पंचवीसला मी चार वाजता कागद घेऊन बसलो आणि लिहिण्यासाठी आठवावे लागले. सव्वीसला पुन्हा दीड पान भरले. त्याचे मला वाईट वाटले, परंतु ते खोडण्यास पूर्वीइतका वेळ लागला नाही. सत्तावीसला दोन ओळी.

आज सकाळी मुलगी माझ्यासमोर वाचनालयाचा काम पूर्ण झाल्याचा कागद घेऊन आली. त्यावर दोन जागा असतात. एक 'काम करणाऱ्याची सही', दुसरी 'काम तपासणाऱ्याची सही'. सहा वर्षे पहिल्या जागी ती सही करते आणि दुसऱ्या जागी मी; तिला वाटे, न पाहताच करतो. पहिली सही तिने केली होती. ग्रंथपालबाई कागद नेण्यासाठी दुकानात बसून होत्या.

मुलगी म्हणाली, "चला बाबा. आता आठ दिवस झालेत. या बघून, मग करा सही. आज हात लावलात तरी चालेल."

ती मनापासून म्हणाली. मला जायचे होते. हे लपवीत नाही.

मी विचारले, "तू तपासलेस?"

"हो. आज सकाळीच. अकराही."

"काय पाहिलेस?"

तिने सांगितले. पकडी किती व कोठे, जोड कसा आहे, कडेला फट आहे की नाही, वरच्या डाव्या तावदानाच्या जोडात एक बुडबुडा होता तो दुसऱ्याच दिवशी काढून जोड पुन्हा भरला व त्यासाठी एक दिवस अधिक थांबली. तिने एकदाही 'बहुतेक' म्हटले नाही. मी कागद तिच्याकडे सरकविला व सांगितले, "मग तपासणाऱ्याची सहीही तुझीच."

तिने पेनाचे टोपण काढले. "आणि तुम्ही?"

"मी तू सही करताना पाहतो. तेवढे मला प्रत्यक्ष दिसते."

तिने सही केली. मग ड्रॉवर उघडून कारखान्याचे पाकीट काढले. आत तिचे उत्तर लिहून तयार होते. ते तिने मला वाचायला दिले. तीन ओळी. 'आपण देऊ केलेल्या जागेबद्दल आभारी आहे. मी माझ्या दुकानात काम करते. येऊ शकत नाही.' तारीख आजचीच. सही कोण करतो हे पाहूनच ते दाखवायचे तिने ठरविले होते की कसेही दाखविणार होती, हे मी विचारले नाही. 'माझ्या दुकानात' हे शब्द मात्र मी दोन वेळा वाचले.

वाचनालयाचा रस्ता आता मला मोकळा आहे. वर्तमानपत्र वाचायला जाईन, तेव्हा खिडक्या दिसतीलच. आज गेलो नाही.

वरील मजकूर मी पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिला असून तो मला माहीत आहे तेवढा खरा आहे. काळजीही सकाळपासून दुकानात बसून होती. तिने काहीही पाहिलेले नसल्यामुळे तिचे नाव खाली घेतलेले नाही.

तुझा दादा, काचवाले

समक्ष हजर साक्षीदार :
१. ग्रंथपालबाई, कागद घेऊन गेल्या.
२. सौ., म्हणजे तुझी वहिनी, चहा घेऊन आली व थांबली.
३. माझी मुलगी, दुकानाची मालक.